तोंडावर मारलेला शिक्का

सिस्टर, पाळकसाहेब त्या दिवशी तुमच्याबद्दल जे बोलले ते मला मान्य नाही.

शिरूरच्या दफनभूमीत तुमची पेटी खाली सोडायच्या आधी ते म्हणाले, आपल्या सिस्टर आता निष्कलंक झाल्या, एकही डाग नसलेल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. दुःखाच्या वेळी असंच बोलायचं असतं, माणूसही भला आहे, ते मला कळतं. पण बिनडागाचं म्हणजे काय हे तुम्हीच मला आयुष्यभर शिकवलंत. बिनडागाचं म्हणजे कोरं पोस्टाचं तिकीट. पाठीला डिंक शाबूत, कडेचे दात शाबूत, कुणी वापरलं नाही, कुठं गेलं नाही. तुमच्या डाव्या मनगटावर वाफेनं भाजल्याचा एवढा मोठा डाग होता. पायाच्या शिरा फुगून निळ्या पडल्या होत्या, वॉर्डात उभं राहून राहून. तुम्ही कोऱ्या कधीपासून झालात? मी तुमच्यावर मूठभर माती टाकली आणि मनातल्या मनात म्हणालो, सिस्टर, हे ऐकून घेऊ नका.

आपलं नातं काय, असं तिथं दोघा-तिघांनी मला विचारलं. काय सांगणार? तुम्ही मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स. मी न्हावऱ्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, आणि नोकरीला दौंड स्टेशनातल्या टपाल ऑफिसात. तुम्हाला जुनी पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद, आणि तीच तिकिटं शिक्का मारून बाद करणं हे माझं पोट. मी म्हणालो, आमचं भांडण होतं. त्यांना वाटलं, जमिनीचं.

पहिल्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा गाडीचं टपाल सुटायची घाई चालली होती. माझ्यापुढं पत्रांचा ढीग, हातात शिक्का, बाजूला शाईचं पॅड. पॅड, पत्र, पॅड, पत्र. हात एकदा लागला की बघावं लागत नाही. खिडकीत पांढरी साडी दिसली आणि गजातून एक पाकीट आत आलं.

"हे कुणी मारलं?"

मी बघितलं. दौंडचा शिक्का, तारीख स्वच्छ, हात माझाच. "म्या मारलं. का?"

"तोंडावर मारलंय."

"कुणाच्या?"

तुम्ही बोट ठेवलंत. तिकिटावर एक रंगीत पक्षी होता, लांब शेपटीचा. डोळ्यापासून चोचीपर्यंत माझी शाई बसली होती. त्याला आता काही दिसत नव्हतं.

"बाई, पोस्टाचं तिकीट हाय ते. शिक्का मारायलाच असतंय. न्हाई मारला तर लोकं काढून परत लावत्यात."

"मारू नका असं मी कुठे म्हणते? कोपऱ्यावर मारा. थोडा तिकिटावर, बाकीचा पाकिटावर. हलक्या हाताने. मी इंजेक्शन देताना काय हातोडा घेते का?"

आमच्या ऑफिसातले सगळे हसले. मला झोंबलं. म्हणालो, "हितं पोत्यानं टपाल येतंय. एकेका पाखराचं तोंड बघत बसलो तर गाडी सुटंल."

"सुटू दे," तुम्ही म्हणालात.

तुमचे भाऊ रेल्वे कॉलनीत राहायचे. शिरूरहून नवी तिकिटं लावलेली पाकिटं तुम्ही त्यांच्याकडं द्यायचात, ते दौंडला पेटीत टाकायचे, आणि ती माझ्या हाताखालून तुमच्याच पत्त्यावर परत जायची. दौंडचा शिक्का मिळावा म्हणून हा सगळा खटाटोप. हे कळलं तेव्हा मी घरी येऊन बायकोला, कमलला सांगितलं, शिरूरला एक येडी बाई हाय, ती स्वतःलाच रिकामी पाकिटं पाठवती. कमल म्हणाली, तिला एकदा चहाला आणा.

चहाला तुम्ही आलात, आणि मग मीही न्हावऱ्याला रानात जाताना वाट वाकडी करून शिरूरला यायला लागलो. मिशनच्या आवारातली तुमची ती खोली. खिडकीपाशी टेबल, टेबलावर भिंग आणि ड्रेसिंगचा चिमटा. तिकिटाला तुम्ही बोट लावू द्यायचा नाहीत. "हाताला घाम असतो, तेल असतं, त्याचे पिवळे डाग वर्षभराने वर येतात." चिमट्यानं तिकीट उचलायचं आणि आधी उलटं करायचं. पाठ आधी बघायची, तोंड नंतर, हा तुमचा कायदा. मग उजेडावर धरायचं, एक्स-रे बघतात तसं. कुठं कागद खरवडून पातळ झालाय का, घडी पडलीय का. मग दात मोजायचे. एक दात जरी पडलेला असला तरी तुमचा चेहरा असा व्हायचा, की आता हिच्या नातेवाइकांना कसं सांगावं.

शिक्क्याचा नंबर सगळ्यांत शेवटी. काळाकुट्ट फासलेला असेल तर तिकीट मेलं. कोपऱ्यावर हलका बसलेला असेल, तिकिटावरचं चित्र दिसत असेल, तर चांगलं. आणि बॉलपेनची रेघ असेल तर तुम्ही ते चिमट्यानंही धरायचा नाहीत. शिक्का मारायचा राहिला म्हणून कुणीतरी पेनानं फरकाटा ओढून मोकळा होतो, त्याचा मलाही राग यायचा. तेवढ्या एका बाबतीत आपण एका पार्टीचे.

मी एकदा विचारलं, "म्हंजी तुमच्या हिशोबानं सगळ्यात भारी तिकीट कुठलं, तर जे कधी पोस्टात गेलंच न्हाई ते?"

"बाजाराच्या हिशोबाने."

"आन् तुमच्या?"

तुम्ही चिमटा खाली ठेवलात आणि म्हणालात, चहा गार होतोय. सिस्टर, चहा तेव्हा अजून चुलीवर होता. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला शेवटपर्यंत दिलं नाही, आणि मीही विचारायचं सोडलं नाही.

कारण तुमच्या अल्बमचं पहिलं पान मी बघितलं होतं. तुम्ही शिकाऊ नर्स होतात तेव्हाची ती गोष्ट. दवाखान्याच्या ऑफिसातलं एक जुनं कपाट रिकामं केलं आणि नगरहून आलेली, राजाचं डोकं छापलेली कितीतरी पाकिटं कचऱ्यात गेली. तुम्ही ती ओच्यात भरून आणलीत. आणि दवाखान्याच्या कचऱ्यातली म्हणून, जंतू नकोत म्हणून, तिकिटं कापून घेऊन तुम्ही ती सुया-कात्र्या उकळायच्या भांड्यात टाकलीत. चांगली खळखळून उकळलीत. जगात दुसऱ्या कुणीही तिकिटं उकळली नसतील. ती घाईनं बाहेर काढताना वाफेनं मनगट भाजलं ते भाजलंच. आणि तिकिटांतून राजा निघून गेला. रंग सगळा पाण्यात उतरला. फिक्कट कागदाचे तुकडे राहिले आणि त्यावर नगरचा काळा शिक्का, अगदी जसाच्या तसा.

"शिक्का टिकला का न्हाई?" मी म्हणालो. मला लई आनंद झाला होता.

"किंमत शून्य झाली."

"मग पहिल्या पानावर का ठिवलीत?"

"गप्प बसा, शिक्केवाले."

शिक्केवाले हे नाव तुम्ही ठेवलंत. आमच्या ऑफिसात मग सगळे तेच म्हणायला लागले. मी सॉर्टर होतो, सगळ्या लाइनीची गावं मला तोंडपाठ होती, पण तुमच्यामुळं मी राहिलो शिक्केवाला.

एकदा तुम्ही मला मुद्दाम निरोप पाठवून बोलावलंत. पाटसचं एक जुनं पाकीट कुणीतरी तुम्हाला दिलं होतं. तिकीट साधं, कुठंही मिळणारं. पण पाटसचा शिक्का असा गोल गरगरीत बसला होता, की गाव, तारीख, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. तुम्ही ते पाकीट लहान बाळासारखं दोन्ही हातांवर धरलं होतं.

"आता शिक्का चालतोय व्हय?" मी म्हणालो.

"असा चालतो. लहान गाव, पूर्ण ठसा, पाकिटासकट. असा असेल तर कोऱ्या तिकिटापेक्षा जास्त मागतात लोक. आणि मी त्या वेड्या वयात पाकिटांवरून तिकिटं कापून काढली होती." मग भिंगातून मान वर न करता म्हणालात, "तुमचा बसतो का असा?"

"बसतो की. तुम्ही बघत न्हाई."

इथं मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी तोंडावर कधी सांगितली नाही. तुम्ही पहिल्यांदा येऊन भांडून गेलात ना, त्यानंतर तुमच्या नावाचं एकही पाकीट मी ढिगात मारलं नाही. पत्रं एका बाजूला लावतानाच डोळा तुमच्या पत्त्यावर असायचा. ते बाजूला काढायचं, बाकीचं सगळं उरकायचं, मग पॅडवर शिक्का एकदाच हलका टेकवायचा, आधी रद्दी कागदावर एक ठसा घ्यायचा आणि मग तुमच्या पाकिटावर. कोपऱ्यावर. साहेब एकदा म्हणाले, काय रे, लग्नाची पत्रिका आहे काय. तुम्हाला वाटायचं, भांडणाची जरब बसली आणि दौंडचा हात सुधारला. तसं वाटू दिलं. सांगितलं असतं तर तुम्ही जिंकला असतात, आणि जिंकल्यावर तुम्ही किती दिवस ते काढत बसला असतात याची मला कल्पना होती.

माझी आई तुमच्या वॉर्डात होती त्या दिवसांचा विषयही मला काढावाच लागेल. न्हावऱ्याला अंथरुणात पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. घरातली बायामाणसं जवळ जायला बिचकत होती, वास यायचा. तुम्ही तिला पहिल्या दिवशी नाव विचारलंत, मग म्हणालात, आजी, आधी पाठ बघू. आणि तिला कुशीवर वळवलंत. रोज दोन वेळा तुम्ही स्वतः ते केलंत, मदतीला दुसरी कुणी असली तरी. आई मला म्हणाली, ही बाई लई हळू हात लावती रं. तिला जायचंच होतं, गेली. पण जाताना तिच्या पाठीवर कोरडं स्वच्छ कापड होतं. मी तुमचे आभार मानले नाहीत. आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलायचात, आणि मला तरी कुठं नीट बोलता येतंय. आज मानतो. आता विषय बदलून दाखवा.

हे सगळं एकीकडं. माझ्या रिटायरमेंटच्या दिवशी तुम्ही जे केलंत त्यावर मी अजून ठाम आहे.

ऑफिसात हार-तुरे झाले, पेढे वाटले. तुम्ही पर्समधून एक पाकीट काढलंत. त्यावर तुमचाच पत्ता, तुमच्याच अक्षरात. आणि तिकीट तेच, लांब शेपटीच्या पक्ष्याचं. पहिल्या भांडणाच्या वेळी त्याचंच एक कोरं तुम्ही जपून ठेवलं होतं.

"आज शेवटचा दिवस. एकदा माझ्यासाठी नीट मारा."

"आत काय हाय?"

"काही नाही. रिकामं आहे."

"मग पोस्टात टाका. पेटीतून येऊ द्या, बाकीच्या टपालात बसू द्या. मग जसा बसंल तसा बसंल."

"तसा नकोय. मी मागतेय."

"मागून शिक्का मिळत न्हाई, सिस्टर."

सगळे माझ्या अंगावर आले. मारा की हो, एवढं काय त्यात, बाई एवढ्या लांबून आल्यात. मी शिक्का खाली ठेवला. जे पत्र कुठं जात नाही त्यावर मी नोकरीभर शिक्का मारला नव्हता, आणि शेवटच्या दिवशी मारणार नव्हतो. तुम्ही पाकीट पर्समध्ये परत ठेवलंत, पेढा खाल्लात, कमलला म्हणालात, तुमचे मालक फार हट्टी आहेत, आणि एस.टी. धरलीत. मी चुकलो असं तेव्हा म्हणालो नाही, आजही म्हणणार नाही. कोपऱ्यावर मी तुम्हाला पुष्कळ दिले. न मागता दिले. ते वेगळं आणि हे वेगळं.

गेल्या महिन्यात शेवटचा आलो तेव्हा तुम्ही पडूनच होतात. आवाज अगदी बारीक झाला होता. मला वाटलं, देवाचं काहीतरी म्हणाल. तुम्ही म्हणालात, "मारणार का?"

मी म्हणालो, "आता शिक्का कुठं हाय माझ्याकडं."

"माहीत आहे. मारणार का?"

"न्हाई."

तुम्ही हसलात. प्रशांत, तुमचा भाचा, दारात उभा होता. त्याला वाटलं, म्हातारा मरत्या माणसाला नाही म्हणतोय. त्याला काय माहीत, तुम्ही हो ऐकायला थोडंच विचारत होतात.

आता तुमच्या मागं काय झालं ते ऐका.

तुमची खोली मिशनला परत द्यायची आहे. प्रशांत कारेगावला राहतो, कंपनीत शिफ्टला जातो, एक खोली, दोन पोरं. तुमचे ते अल्बम ठेवायला त्याच्याकडं जागा नाही, यात त्याची काही चूक नाही. त्यानं पुण्याहून एका व्यापाऱ्याला बोलावलं आणि मलाही फोन केला, काका, तुम्ही पोस्टातले, तुम्ही समोर बसा. मी गेलो. माणूस जाणकार होता, खोटं कशाला बोलू. चिमटा त्याचा स्वतःचा. त्यानंही तिकीट आधी उलटं केलं, तेव्हा मला तो थोडा आवडला.

मग त्यानं ढीग करायला सुरुवात केली. कोरी, डिंकासकटची एका बाजूला. तुम्ही बिनवासाची पावडर लावून पानं चिकटू दिली नव्हती, त्याचं त्यानं कौतुक केलं. पाटसचं पाकीट त्यानं बराच वेळ धरून बघितलं आणि चांगल्या ढिगात ठेवलं. मग दौंडची पाकिटं आली. तो एकेक बघत गेला आणि म्हणाला, "सगळी कोपऱ्यावर. सगळी वाचता येतायत. कुणीतरी मन लावून मारलेत हे." प्रशांतनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आणि तिसरा ढीग जमिनीवर. काळी फासलेली, दात पडलेली, पेनाची रेघ ओढलेली. तुम्ही पेनाची रेघसुद्धा फेकली नव्हती, सिस्टर. मला वाटायचं, फेकता. त्या ढिगात उकळलेली पहिल्या पानावरची तिकिटं गेली. आणि माझा पहिला पक्षी, शाईनं आंधळा केलेला, तोही गेला.

"हे?" मी विचारलं.

"रद्दी, आजोबा. याला कोण विचारत नाही."

"आन् हे धुतलेले?"

"हे तिकीटच राहिलं नाही. हे काय, उकळलंय का कुणी?"

"व्हय. उकळलंय."

तो हसला. वाईट हसला नाही, कुणीही हसलं असतं. पण माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, न्यायचं तर सगळं न्यायचं, जमिनीवरचंसुद्धा, आणि ठेवायचं ते याच क्रमानं ठेवायचं, पहिलं पान पहिलंच राहिलं पाहिजे. तो म्हणाला, हे मी नेऊन काय करू? मी म्हणालो, त्यांनी काय केलं? ठेवलं. तुम्ही पण ठेवा. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, गिऱ्हाईक कंडिशन बघतं. बाईंची आठवण बघत नाही."

"मग न्हाई द्यायचं," मी म्हणालो.

द्यायचं की नाही हे ठरवणारा मी कोण? रक्ताचं नातं प्रशांतचं. मी त्याच्याकडं बघितलं. मला खरंच भीती वाटली, सिस्टर. त्यानं एवढंच म्हणायला हवं होतं, की काका, तुम्ही मध्ये पडू नका. मग मला उठून टोपी घालून निघावं लागलं असतं, आणि तुमचं चांगलं तेवढं पुण्याला गेलं असतं आणि बाकी तुम्ही शिरूरच्या कचराकुंडीत. कुठून उचलून आणलं होतं, पुन्हा तिथंच.

प्रशांत खाली बसला. त्यानं जमिनीवरचा ढीग गोळा केला आणि उकळलेल्या तिकिटांतलं एक हातावर घेतलं. म्हणाला, "मी लहान असताना आत्या मला आधी हेच पान दाखवायची. म्हणायची, बघ, मी किती मूर्ख होते. आणि मनगट दाखवायची." मग व्यापाऱ्याला म्हणाला, "साहेब, राहू द्या. तुमचा वेळ घेतला." व्यापारी दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, पाटसचं तेवढं द्या. प्रशांत म्हणाला, "ते काकांना विचारा." मी नाही म्हणालो. आता मला नाही म्हणायची सवय झाली आहे.

अल्बम मी दौंडला आणले. एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो, कंडक्टर म्हणाला वर टाका, मी म्हणालो, वर पाणी गळतंय. गळत नव्हतं. कमलनं कपाटातले माझे कोट बाहेर काढले आणि तुम्हाला जागा केली. ती म्हणाली, तुमच्यानंतर काय? मी म्हणालो, माझ्यानंतरचं माझ्यानंतर. बाजारानं खुशाल म्हणावं रद्दी. तुमच्या हातून जे गेलं त्यातलं काही रद्दी नव्हतं, माझी आईही नव्हती, एवढं मला पुरतं.

शेवटच्या अल्बमच्या मागच्या खिशात ते पाकीट सापडलं. तुमचा पत्ता, पक्षी, एक डाग नाही. दात शाबूत. बाजाराच्या हिशोबानं एकदम उत्तम. मला बघवेना.

म्हणून आज सकाळी पोस्टात जाऊन आलो. खिडकीवर नवी मुलगी आहे. म्हणाली, आजोबा, एवढ्या तिकिटात आता जात नाही, अजून लावावी लागतील. लावीन म्हणालो. तिनं पक्षी बघितला आणि आपण होऊन म्हणाली, "किती सुंदर आहे. उद्या माझ्याच हातात द्या. मी कोपऱ्यावर हलका मारून देते. जमवणाऱ्यांना तसा लागतो."

म्हणजे तुमचं म्हणणं आता पोस्टातल्या पोरींनाही पटलंय. तुम्ही असतात तर चार दिवस जेवला नसतात आनंदानं.

मी म्हणालो, "न्हाई पोरी. तोंडावर मार. दणकून."

"खराब होईल, आजोबा."

"होऊ दे."

तिला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. तसं नाही. मी नीट विचार केला आहे. कोपऱ्यावर हलका मारून घेतला तर मी तुमचं ऐकलं असं होईल, आणि मग आपल्यात भांडायला काही उरणार नाही. पाळक म्हणाले तसं सगळं निष्कलंक, सगळं शांत. मला तसं चालणार नाही. तुम्ही गेलात हे मला मान्य नाही, आणि ते मान्य करायला लावणारा कुठलाही नीटनेटका शिक्का मी मारू देणार नाही.

आणि पाकीट रिकामं नाही. रिकाम्या पाकिटावर मी शिक्का मागत नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. आत हे लिहिलेलं आहे.

उद्या ते दौंडहून निघेल. शिरूरचा पोस्टमन मिशनच्या आवारात जाईल, खोलीला कुलूप बघेल. तो पाठीवर काय लिहायचं ते लिहील, परत पाठवायचं तर पाठवील. पोस्टाचं काम पोस्ट करील. तुम्ही तुमचं करा. चिमट्यानं उचला, आधी पाठ बघा, मग उलटं करून तोंड बघा. त्या पाखराला डोळा राहिलेला नसेल. मग तुमचा तो राग येऊ द्या, पांढरी साडी नेसा, न्हावऱ्यावरून येणारी पहिली गाडी धरा आणि गजातून पाकीट आत सारून विचारा, हे कुणी मारलं म्हणून.

मी खिडकीपाशीच हाय.